तेवढं धरायचं नाही

सिद्धार्थचं लग्न टक्क्यांवर अडलं होतं. पुढच्या शुक्रवारी मिरजेत मुहूर्त होता. हॉल ठरला होता, आचाऱ्याशी जिलबीवरून एक भांडणही होऊन गेलं होतं. आणि नवरदेव शारजाला, रोल्ला भागातल्या एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर, 'कुमुद सिस्टीम्स'च्या ऑफिसात बसून चौतीस टक्क्यांचे नव्वद टक्के कसे करावेत या विवंचनेत होता. नव्वद झाले की रजा, असं भानुदासकाकांनी सांगितलं होतं. काका शब्दाचे पक्के होते. म्हणजे नव्वद झाले नाहीत तर रजा नाही, यातही ते पक्केच होते.

भानुदासकाका कंपनीचे मालक. अकरा वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, त्यांनी खोर फक्कान बंदरातल्या एका कंटेनर यार्डासाठी गेटपासचा प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं लिहिला, त्यावर कंपनी उभी केली आणि कंपनीला बायकोचं नाव दिलं. कुमुदकाकू रोज दुपारी सगळ्यांना घरून डबा पाठवत. त्यामुळे नोकरी सोडायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तरी जेवणानंतर तो टिकत नसे.

काकांचा एक नियम होता. कागद असो की प्रोग्रॅम, सुरुवात 'श्री'नं झाली पाहिजे. त्यांच्या त्या पहिल्या फायलीचं नावच 'श्रीगेटपास' होतं. ती फाईल सोवळ्यातली होती. ती कुणी उघडायची नाही, कुणी तिच्यात डोकवायचं नाही. मध्यंतरी सगळा प्रोग्रॅम नव्या भाषेत लिहायची वेळ आली, तेव्हाही एवढी एक फाईल काकांनी केबिनचं दार लावून एकट्यानं लिहून काढली.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण यार्डात मरियम मॅडम आल्या. स्थानिक घरातली, परदेशात शिकून आलेली तरुण मॅनेजर. नव्या व्हर्जनची तारीख जवळ आली तशी त्यांनी मेल पाठवली, की प्रोग्रॅमचा टेस्ट कव्हरेज रिपोर्ट दाखवा आणि त्यात किमान नव्वद टक्के दाखवा. सिद्धार्थनं मेल उघडली त्याच क्षणी मिरजेहून सुरुचीचा फोन आला, सनईवाले सांगायचे की कॅसेट लावायची हे विचारायला. त्यामुळे मेलचा दुसरा परिच्छेद वाचायचा राहिला. काकांनी तर पहिलाच कसाबसा वाचला.

"हे कव्हरेज म्हणजे काय रे?" काकांनी विचारलं.

"काका, टेस्ट म्हणजे आपला प्रोग्रॅम नीट चालतो का हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम. टेस्ट जेवढ्या ओळींवरून गेली त्या रिपोर्टात हिरव्या. जिथे गेलीच नाही त्या लाल. एकूण हिरवं किती, ते टक्के."

"मग दाखव."

सिद्धार्थनं दाखवलं. चौतीस टक्के. आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लालभडक, 'श्रीगेटपास'.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "माझ्या फायलीला लाल? अकरा वर्षं चालतोय तो प्रोग्रॅम! तू तेव्हा हाफ पँटीत होतास!"

"काका, लाल म्हणजे चूक नाही. लाल म्हणजे तपासलेलं नाही एवढंच. मी लिहीत होतो ना टेस्ट. पण गंमत बघा, सकाळी तीच टेस्ट पास होते आणि दुपारी लटकते. काल मंगळवारी सव्वातीनला चालवली तर नुसतीच थांबून राहिली."

काकांचा चेहरा क्षणभर बदलला. "सव्वातीनला कशाला चालवायची? साडेचारनंतर चालवावी माणसानं." मग ते सावरले. "आणि चालवूच नकोस. वडीलधाऱ्यांची कुणी परीक्षा घेतं का? ती फाईल रिपोर्टात धरायची नाही. अशी सोय असेल ना?"

सोय होती. सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली, की ती फाईल मोजणीतून वगळली जाते. सिद्धार्थ ती ओळ लिहायला बसला आणि सुरुचीचा पुन्हा फोन आला, कॅसेट नको, सनईवालेच. फोन खांद्याला लावून फायलीचं पूर्ण नाव टाइप करणं जिवावर आलं, म्हणून त्यानं 'श्री' लिहून पुढे फुली टाकली. फुलीचा अर्थ, 'श्री'नं सुरू होणारं जे काही असेल ते सगळं सोडून दे. काकांचा नियम बाकी कुणी पाळत नसल्यानं त्या वेळी तशी फाईल एकच होती, तेव्हा फरक काही पडत नव्हता. चौतीसचे बावन्न झाले.

फरक गुरुवारी पडला. शर्वाणी ही ऑफिसातली सगळ्यात नवी मुलगी. तिच्याकडे बिलांचं काम होतं. बिलांचा जुना कोड एकत्र करून तिनं नवी फाईल केली तेव्हा काका मागून जात होते. "नवीन का? मग सुरुवात श्रीनं कर बाळा," ते म्हणाले. तिनं 'श्रीबिल' असं नाव दिलं. संध्याकाळी रिपोर्ट काढला तो हनीफनं. हनीफ परकार दापोलीचा, थंड कंटेनरांचं तापमान सांभाळणारा भाग त्याचा. माणूस हुशार आणि टेस्ट लिहायचा त्याला मनापासून तिटकारा.

"सिद्धू, शर्वाणीची बिलाची फाईल कुठे गेली?"

"असेल की तिथेच."

"नाहीय. आणि टक्के वाढलेत. बावन्नचे एकसष्ट."

सिद्धार्थनं सेटिंग उघडलं, ती फुली पाहिली आणि कपाळाला हात लावला. हनीफनं त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ईदचा चंद्र दिसल्याचा आनंद पसरला.

"म्हणजे श्री लावला की सुटका?" शर्वाणीनं विचारलं.

"सुटका नाही गं, मोक्ष," हनीफ म्हणाला.

"नाही हं," सिद्धार्थ म्हणाला. "ही फुली मी आत्ताच काढतो." आणि त्यानं बोट कीबोर्डवर ठेवलं. तेवढ्यात समोर भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईनं गोल केलेला पुढचा शुक्रवार त्याला दिसला. नियमानं टेस्ट लिहीत बसलं तर पहिलं मूल होईपर्यंत लग्नाला पोचता आलं नसतं. बोट तिथंच राहिलं आणि मग परत आलं.

त्यानंतर 'कुमुद सिस्टीम्स'मध्ये भक्तीची लाट आली. शनिवारी सकाळी 'श्रीप्रिंटर' झाला, दुपारी 'श्रीलॉगिन'. चुका नोंदवून ठेवणारी जी फाईल होती तिचं 'श्रीएरर' असं नामकरण झालं आणि तिच्यातल्या चुका जशाच्या तशा राहिल्या. टक्के बाजारात सोन्याचे भाव चढावेत तसे चढत होते. एकटा हनीफ मात्र थबकला.

"तूही लाव की श्री," शर्वाणी म्हणाली.

"लावायला माझी हरकत नाय. गावात गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे मीच नाचायचो. पण अम्मीला फोनवर काय सांगू, टेस्टचा कंटाळा आला म्हणून श्री लावला? आळस करायचाच तर माणसानं आपापल्या देवाच्या नावानं करावा. सिद्धू, माझ्या फायलींच्या शेवटी सातशे श्याऐंशी लावतो. तू त्याची पण एक ओळ टाक."

सिद्धार्थनं ती ओळही टाकली. आता दोन्हीकडून आशीर्वाद होता.

रविवारी काकांनी सहज सगळ्या फायलींची नावं पाहिली. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "कुमुद, अगं पोरांना संस्कार आहेत! मी एका शर्वाणीलाच सांगितलं, बाकी प्रत्येकानं आपणहून श्री लावलाय. आणि हनीफनं सातशे श्याऐंशी. ज्याचं त्यानं केलं की घर कसं शोभतं!" दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळ्या आल्या. सगळ्यांनी त्या खाली मान घालून खाल्ल्या. चव अप्रतिम होती, हेच जास्त जड गेलं.

रात्री सुरुचीनं विचारलं, "आज किती?"

"एक्क्याऐंशी."

"माझ्या बारावीच्या निकालाचीसुद्धा घरात एवढी चौकशी झाली नव्हती. पण आठवड्यात एवढे वाढले कसे?"

सिद्धार्थनं सांगितलं. सुरुची बँकेत होती. "म्हणजे जे तपासायचं तेच मोजायचं नाही. आमच्याकडे असं केलं तर साहेब घरी जातो, आणि रजा घेऊन नाही."

"अगं, एकदाच. लग्नापुरतं."

"लग्नापुरतं थापा मारायच्या, हे सगळेच नवरे म्हणतात," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सिद्धार्थला लाज वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती. पण मंगळवारी संध्याकाळी त्यानं शेवटचा रिपोर्ट काढला तेव्हा लाजेपेक्षा धक्का मोठा होता. शंभर टक्के. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हिरवंगार. पानही एकच होतं. सगळा प्रोग्रॅम श्रीचरणी लीन झाल्यावर मोजणीत एकच फाईल उरली होती, 'आमच्याविषयी'. मेनूतल्या सगळ्यात खालच्या बटणावर टिचकी मारली, की एक छोटी चौकट उघडे. तीत काकांचा त्र्याण्णव सालचा मिशीवाला फोटो, कंपनीचं नाव आणि 'ओके' असं बटण. बारा ओळींचा कोड. ओके दाबलं की चौकट बंद होते का, एवढी एक टेस्ट सिद्धार्थनं कधीकाळी लिहिली होती.

"नव्वद मागितले, शंभर दिले! याला म्हणतात मराठी माणूस," काका म्हणाले. त्यांनी तो कागद खालच्या गल्लीतून लॅमिनेट करून आणला. "दहा दिरहॅम घेतले बघ मेल्यानं, म्हणजे सव्वाशे रुपये झाले. पण लॅमिनेट केल्यावर कसा रुबाब आला! उद्या सकाळी तू नि मी खोर फक्कानला. मॅडमची सही झाली की तसाच एअरपोर्टला जा. बॅग गाडीतच टाक."

बुधवारी ते डोंगरातल्या रस्त्यानं निघाले. मे महिन्यात काकांनी ब्लेझर घातला होता. मागच्या सीटवर सिद्धार्थची बॅग, बॅगेवर कुमुदकाकूंनी सुरुचीसाठी दिलेली साडी, आणि मध्ये काच लावलेल्या फोटोसारखा जपून ठेवलेला रिपोर्ट. सिद्धार्थ वाटेत एक शब्द बोलला नाही. काकांना वाटलं, पोरगं लाजतंय.

मरियम मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला. हिंदी त्यांना लहानपणापासून येत होती, घरातल्या ड्रायव्हरमुळे आणि सिनेमांमुळे.

"हंड्रेड पर्सेंट? माशाल्ला!"

"ऑल ग्रीन, मॅडम," काका म्हणाले.

"मेरा ई-मेल पूरा पढ़ा था ना? जो रिपोर्ट में है, वही मेरे मशीन पे चढ़ेगा. जो नहीं है, वो नहीं."

"बिलकुल, बिलकुल," काका म्हणाले. सिद्धार्थला अर्धवट वाचलेली मेल आठवली. हाच तो दुसरा परिच्छेद. त्यानं तोंड उघडलं, पण तोवर मॅडमच्या माणसानं जुना प्रोग्रॅम काढून टाकला होता आणि रिपोर्ट बघून नवा चढवला होता. तो चढायला वेळही लागला नाही. बारा ओळी त्या.

गेटवर वलीभाई होता. श्रीवर्धनचा, वीस वर्षं याच गेटवर. त्याचा आवाज मॅडमच्या टेबलावरच्या वॉकीटॉकीतून आला.

"काका, फोटो आलाय."

"कसला फोटो?"

"तुमचा. मिशीवाला."

"ओके दाब."

"दाबला. गेलात तुम्ही."

"मग?"

"मग काय नाय. परत चालू केला. परत तुम्ही आलात." मागे ट्रकचा हॉर्न वाजला. "ड्रायव्हर विचारतो, हे कोण साहेब? यांना सलाम केला की गेट उघडतं का?"

बघता बघता हॉर्न वाढले. खिडकीतून रांग दिसत होती, गेटपासून वळणापर्यंत आणि वळणापलीकडे नुसती धूळ. काका लॅमिनेट केलेल्या रिपोर्टानं वारा घेऊ लागले.

"काम तो कर रहा है," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ओके दबाओ, बंद होता है. हंड्रेड पर्सेंट. गेटपास कहाँ है?"

सिद्धार्थनं मग एका दमात सगळं सांगून टाकलं. श्री, फुली, शर्वाणी, सातशे श्याऐंशी, बारा ओळी. आपलं लग्न परवा आहे हेही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं कुणाला पटलं नसतं. काका ऐकत होते. त्यांच्या तोंडातून एवढंच निघालं, "म्हणजे संस्कार नव्हते?"

मॅडमनी हसू दाबलं. "पहले सब चढ़ाओ. यल्ला. ट्रक खड़े हैं. बाद में देखती हूँ तुम दोनों को."

सिद्धार्थनं सगळा प्रोग्रॅम चढवला. पास छापले जाऊ लागले, ट्रक हलले, वलीभाईनं वॉकीवर दुवा दिली. सिद्धार्थला वाटलं, सुटलो. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले आणि गेट थांबलं. स्क्रीनवर दोनच शब्द, 'प्लीज वेट'.

"काका," वली म्हणाला, "मशीन दमली. मी जेवून घेतो."

"सर्व्हर गरम झाला असेल," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. हे उत्तर ते अकरा वर्षं देत आले होते.

मॅडम उठल्या आणि त्यांनी सर्व्हरवर हात ठेवला. त्या खोलीत एसी एवढा होता की काकांचा ब्लेझर तिथे पहिल्यांदाच शोभत होता. "अंकल, ये फ्रिज जैसा ठंडा है. इसी के लिए मैंने रिपोर्ट माँगा था. रोज़ डेढ़ घंटा गेट बंद. मंडे को सुबह, ट्यूसडे को तीन बजे, आज बारह बजे. कोई बता नहीं सकता क्यों. मैंने सोचा, टेस्ट करवाओ, टेस्ट ढूँढ निकालेगा. और आप लोगों ने वही फाईल छुपा दी. खोलो उसको."

सिद्धार्थनं काकांकडे पाहिलं.

"सोवळ्यातली आहे ती," काका पुटपुटले.

"काका, माझं लग्न परवा आहे."

त्यानं फाईल उघडली. पहिल्या दोनशे ओळी देखण्या होत्या, जुन्या माणसाचं अक्षर असावं तशा. मग मध्येच सात वारांचा तक्ता आला, प्रत्येक वारापुढे दीड तासाची वेळ, आणि वर इंग्रजी अक्षरांत मराठी सूचना, 'राहुकाळ. हात लावू नये.' मंगळवार, तीन ते साडेचार. सिद्धार्थला आपली लटकलेली टेस्ट आठवली. आज बुधवार, बारा ते दीड.

"काका!"

काका खुर्चीत बसले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "अरे, त्र्याण्णव साली इथे पहिल्यांदा मशीन लावली आणि चालू करताच तीतून धूर आला. हातात होते नव्हते तेवढे पैसे त्यात घातले होते. शेजारी एक तमिळ अकाउंटंट राहायचे, ते म्हणाले, मिस्टर भानुदास, तुम्ही राहुकाळात बटण दाबलंत. तेव्हाच ठरवलं, आपल्या गेटमधून राहुकाळात चाक हलणार नाही. पुन्हा कधी धूर आला नाही. अकरा वर्षांत त्या वेळात एक अपघात झाला का, विचार वलीला!"

सिद्धार्थनं हे हिंदीत मॅडमना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अंकल, अपघात कैसे होगा? ट्रक ही नहीं हिला! इन्शाल्ला बोल के गेट खोल देते, काम हो जाता. निकालो ये. अभी. निकालोगे तो साइन करूँगी. एक बजे मुझे निकलना है, फिर शनिवार को आऊँगी."

"निकालता हूँ, मॅडम," काका म्हणाले. "डेढ़ बजे निकालता हूँ."

"डेढ़ क्यों?"

"अभी राहुकाल है."

राहुकाळ काढून टाकणं हे शुभकार्य की अशुभ, याचा निर्णय करायला तिथे कुणी नव्हतं. पण काकांच्या मते ते महत्त्वाचं काम होतं आणि महत्त्वाचं काम राहुकाळात करायचं नाही, यात त्यांना शंका नव्हती. सिद्धार्थनं विनवलं, हात जोडले, काकूंची शपथ घातली. "मी तुझ्याच भल्यासाठी सांगतोय," काका म्हणाले. "लग्न तोंडावर आणि तू राहूशी भांडण घेतोस?"

साडेबारा झाले. सिद्धार्थनं मॅडमच्या टेबलावरच्या फोनवरून मिरजेचा नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला, कारण एकट्यानं ऐकायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

"सुरुची, मी बहुतेक येत नाही."

"काय?" मग तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. "हे बघ, इथे देवाधर्माचं सामान सांगायला भटजी आलेत, जेवायला बसलेत. काकांना फोनजवळ बोलाव. गुरुजी! अहो, भात राहू दे, दुबईहून फोन आहे!"

"बोला, कोण?" भटजींचा आवाज आला, तोंडात अर्धा घास घेऊन.

"गुरुजी, नमस्कार, मी भानुदास. इथे आत्ता राहुकाळ चालू आहे आणि ही मंडळी म्हणतात..."

"कुठला राहुकाळ?"

"बुधवारचा. बारा ते दीड."

"तो आपल्याकडे धरत नाहीत हो."

काकांचा हात ब्लेझरच्या बटणावर थबकला. "धरत नाहीत?"

"छे! तो दक्षिणेकडे पाळतात. आपल्या पंचांगात छापतात, पण कार्याला धरत नाहीत. अहो, या पोरांचा मुहूर्तच शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी. राहुकाळाच्या पोटात! दुसरा हॉलच मिळेना, मग काय करता?"

"छापतात, पण धरत नाहीत?"

"तेवढं सोडून द्यायचं. ठेवू का? आमटी निवतेय."

फोन बंद झाला. भटजींच्या पंचांगातसुद्धा एक वगळायची ओळ आहे हे सिद्धार्थच्या लक्षात आलं आणि त्याला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं. काका मात्र भिंतीकडे बघत होते. अकरा वर्षं, रोज दीड तास. किती ट्रक, किती ड्रायव्हर, किती हॉर्न, ते मनातल्या मनात मोजत असावेत. मग ते उठले, त्यांनी सिद्धार्थला बाजूला सारलं, चपला काढल्या, स्क्रीनला नमस्कार केला आणि सातही वार स्वतःच्या हातानं पुसून टाकले.

"खलास," काका म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

गेट उघडलं. वॉकीवर वलीभाई कळवळला, "काका, हे काय? माझा पहिला घास आत्ता तोंडाजवळ नेला होता!" मॅडमनी सही केली. सिद्धार्थ परत आल्यावर एकही श्री न वगळता सगळ्याच्या टेस्ट लिहील, एवढी एक अट वर लिहिली. तो लॅमिनेट केलेला रिपोर्ट त्यांनी परत दिला नाही. "ये मेरा है," त्या म्हणाल्या. "नए लोगों को दिखाऊँगी. तुम जाओ हबीबी, शादी करो."

गाडी डोंगर उतरल्यावर काका म्हणाले, "मी आणि कुमुदही येतो लग्नाला. राहूला मी काढला. आता तुझ्या कार्यात काही कमीजास्त झालं तर त्याचं पाप मला लागेल."

शुक्रवारी मिरजेच्या हॉलमध्ये सनईवालेच होते. कुमुदकाकू पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि सिद्धार्थ मुंडावळ्यांतून काकांना शोधत राहिला. ते सापडले तेव्हा हॉलच्या दाराबाहेर होते, चपलांच्या ढिगाजवळ, ब्लेझर घालून, मुठीत अक्षता घट्ट धरून. सुरुचीचा भाऊ त्यांना हाताला धरून आत ओढत होता.

"नको, नको, तुम्ही चालू द्या," काका त्याला सांगत होते. "गुरुजी म्हणतात धरत नाहीत, तेव्हा कार्य होऊ दे. मी आपला बारानंतर येतो. तोवर मला धरू नका."

शेवटची मंगलाष्टका झाली, अंतरपाट दूर झाला, ताशा वाजला. काकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून हात मागे नेला आणि जिवाच्या आकांतानं अक्षता फेकल्या. निम्म्या भटजींच्या शेंडीत पडल्या. पण दोन-चार दाणे, एवढ्या लांबून, नवरा-नवरीपर्यंत येऊन पोचले.

"ते काका दारात का उभे आहेत?" सुरुचीनं हळूच विचारलं.

"त्यांना वगळलंय."

"कुणी?"

"त्यांनीच."

सुरुचीनं खांद्यावर पडलेला एक तांदळाचा दाणा बोटानं उचलला. "मग हा आशीर्वाद धरायचा की नाही?"

सिद्धार्थनं दाराकडे पाहिलं. काका मनगटावरचं घड्याळ बघत होते आणि बारा वाजायची वाट पाहत, चपलांच्या गर्दीत, एकटेच टाळ्या वाजवत होते.

"हा धरायचा," तो म्हणाला. "हा सगळ्यात आधी धरायचा."